मेलेल्यांची परवानगी

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंना नाव देण्याची एक ठरलेली पद्धत आहे. आधी विषाणूचा प्रकार, मग तो जिथे सापडला ती जागा, मग नमुन्याचा क्रमांक आणि शेवटी वर्ष. १९१८ साली जगभर कोट्यवधी माणसं मारणाऱ्या विषाणूची जनुकसंहिता ज्या नमुन्यामुळे पूर्ण वाचता आली, त्याचं नाव 'ए/ब्रेविग मिशन/१/१९१८' असं आहे. विषाणू या गावात जन्मला नव्हता, इथून पसरलाही नव्हता. इथे तो बाहेरून आला आणि चार-पाच दिवसांत गाव संपवून गेला. तरी प्रयोगशाळांच्या दप्तरात गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं आहे. याचं कारण एवढंच, की तिथली जमीन गोठलेली होती आणि तिथले मेलेले त्या जमिनीत टिकून राहिले.

ब्रेविग मिशन अलास्काच्या पश्चिम टोकाला, सूअर्ड द्वीपकल्पावर, पोर्ट क्लॅरेन्स नावाच्या उपसागराच्या काठी आहे. काटेकोर मोजलं तर आर्क्टिक वृत्त तिथून अजून सव्वाशे-दीडशे किलोमीटर वर आहे. पण झाडं नाहीत, समुद्र वर्षाचे कित्येक महिने गोठलेला, आणि जमिनीखाली कधीच न वितळणारा थर. त्यामुळे आर्क्टिक म्हणायला हरकत नाही. बेरिंगची सामुद्रधुनी इथून जवळ, पलीकडे सायबेरिया. नोम हे त्यातल्या त्यात मोठं गाव आग्नेयेला शंभरेक किलोमीटरवर. वस्ती आज चारशेच्या आसपास, बहुतेक सगळे इन्युपिआत. सील, वॉलरस, मासे, बेरी आणि विमानाने येणारा महागडा किराणा यांवर गाव चालतं.

गावाच्या नावातलं 'मिशन' हे काय प्रकरण आहे ते जरा सांगायला हवं, कारण या गोष्टीत परवानगी कोण कोणाकडे मागतं याचा एक जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकी देवमासे-शिकाऱ्यांची जहाजं या पाण्यात शिरली. देवमासे कमी झाले तसा त्यांनी वॉलरसवर मोर्चा वळवला. किनाऱ्यावरची माणसं ज्यांच्यावर जगत होती ते प्राणीच कमी झाले. मग शेल्डन जॅक्सन या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्याच्या मनात आलं (हा अलास्काच्या शिक्षण खात्याचा सरकारी अधिकारीही होता), की या लोकांना रेनडिअर पाळायला शिकवावं. १८९२ साली सायबेरियातून जहाजाने रेनडिअर आणले गेले आणि पोर्ट क्लॅरेन्सच्या काठी टेलर रेनडिअर स्टेशन उभं राहिलं. गुराखी म्हणून १८९४ मध्ये थेट नॉर्वेतून सामी कुटुंबं आणली, आणि त्यांच्यासाठी एक लुथेरन पाद्री आला. त्याचं नाव टॉलेफ ब्रेविग. समुद्रात शिकार करणाऱ्यांनी गुराखी व्हावं का, हा प्रश्न शिकाऱ्यांना कोणी विचारल्याचं दिसत नाही. हेतू चांगला होता, हे मात्र सगळीकडे नमूद आहे.

१९१८ च्या हिवाळ्याआधी शेवटच्या बोटीने साथ नोमला पोचली. तिथून ती कुत्र्यांच्या गाड्यांबरोबर, टपालाबरोबर किनाऱ्याने गावोगाव गेली असावी. १५ ते २० नोव्हेंबर या पाच दिवसांत ब्रेविगच्या सुमारे ८० माणसांपैकी ७२ मेली. घरातला चूल पेटवणाराच उरला नाही की अशा थंडीत आजारातून वाचणाराही थंडीने जातो. ७२ मधले किती विषाणूने मेले आणि किती विझलेल्या चुलीने, हे आता कोणी सांगू शकणार नाही. प्रेतं काही आठवडे तशीच पडून होती. पुढे सरकारने नोमहून सोन्याच्या खाणींतली माणसं भाड्याने आणली, कारण गोठलेली जमीन खणायचं कसब त्यांच्याकडे होतं. त्यांनी वाफेने जमीन सैल करून एक लांब खड्डा खणला, बहात्तर जणांना त्यात ठेवलं आणि टोकांना क्रूस रोवले.

त्याच वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं ते अनेकांना घरातल्या गोष्टींतून ठाऊक असेल. जून १९१८ मध्ये मुंबईच्या गोदीत साथ उतरली, पावसाळ्यात जरा निवली आणि सप्टेंबरात परत आली ती मारायलाच. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानात एकूण किती मेले याचे अंदाज सव्वा कोटीपासून पुढे सुरू होतात. १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातलं एकच दशक, ज्यात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. एवढी माणसं गेली आणि त्यांचं शरीर म्हणून काही राहिलं नाही. बहुतेकांची राख झाली, सरपण संपलं तेव्हा काही नदीत सोडले गेले, आणि जे पुरले गेले ते आपल्या उष्ण मातीत विरघळले. जगात या साथीचे सर्वांत जास्त बळी आपण दिले, पण पुरावा द्यायची वेळ आली तेव्हा तो त्या बहात्तर जणांकडून घ्यावा लागला. मला ही गोष्ट सांगावीशी वाटते त्याचं हे एक कारण आहे. त्या स्त्रीच्या फुफ्फुसात जे सापडलं ते आमच्या पणज्या-खापरपणज्यांच्या फुफ्फुसातही होतं.

योहान हल्टिन हा स्वीडनमधून अमेरिकेत शिकायला आलेला पंचविशीतला मुलगा. आयोवा विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी. विभागात आलेल्या एका पाहुण्या शास्त्रज्ञाने बोलता बोलता म्हटलं, की १९१८ चा विषाणू शोधायचा असेल तर कायम गोठलेल्या जमिनीत पुरलेली प्रेतं शोधायला हवीत. वाक्य टाकून पाहुणा निघून गेला, हल्टिनने मात्र ते धरून ठेवलं. १९५१ च्या उन्हाळ्यात तो अलास्कात पोचला. एकदोन गावांतल्या कबरी त्याला निरुपयोगी वाटल्या. मग तो ब्रेविगला आला.

आणि त्याने विचारलं. या एका क्रियापदावर मला थोडं थांबायचं आहे.

१९५१ साली विचारण्याची पद्धत नव्हती. आर्क्टिकमधल्या मेलेल्यांच्या बाबतीत तर नव्हतीच. १८९७ साली रॉबर्ट पिअरी वायव्य ग्रीनलंडमधून सहा इनुइट माणसं न्यूयॉर्कला घेऊन आला आणि त्यांना निसर्ग-इतिहासाच्या संग्रहालयात ठेवलं. त्यातला किसुक काही महिन्यांत क्षयाने मेला. त्याचा लहानगा मुलगा मिनिक याच्या समाधानासाठी संग्रहालयाच्या लोकांनी बागेत एक खोटा दफनविधी केला: कापडात गुंडाळलेला ओंडका, वर दगड. बापाचा सांगाडा मात्र आत संग्रहात गेला. मिनिकला हे पुढे वर्तमानपत्रांमुळे कळलं. त्याने सांगाडा मागितला, मिळाला नाही. तो ग्रीनलंडला परत गेला तो १९९३ साली, मिनिकच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी. अलास्कातच, कोडिआक बेटावरच्या लार्सन बे गावाजवळून आलेश हर्डलिच्का या मानववंशशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात शेकडो माणसांची हाडं खणून वॉशिंग्टनला नेली. गावाने भांडून ती १९९१ मध्ये परत आणली आणि पुन्हा पुरली. विज्ञानाच्या नावाने हे चाललेलं असताना पंचविशीतला एक विद्यार्थी गावाच्या वडीलधाऱ्यांपुढे बसतो, तिथल्या मिशनऱ्याच्या ओळखीने, दुभाष्याकरवी बोलतो, आणि कबर उघडू का असं विचारतो. त्यावेळी १९१८ मधून वाचलेले काही जण हयात होते. त्याने त्यांना देवीच्या लशीची आठवण करून दिली. ती लस त्यांना ठाऊक होती. हा विषाणू सापडला तर त्याचीही लस करता येईल, पुन्हा असं होणार नाही, असं त्याने सांगितलं. ते हो म्हणाले.

हे 'हो' कितपत मोकळं होतं? मिशनरी मध्ये बसलेला, पाहुणा गोरा, शिकलेला, आणि मागणी मुलाबाळांच्या भल्याची. अशा वेळी नाही म्हणणं सोपं नसतं. आपल्याकडेही तालुक्याचा डॉक्टर समोर फॉर्म सरकवतो तेव्हा आपण काय वाचतो आणि काय विचारतो ते पाहावं. पण म्हणून ते 'हो' खोटं ठरवणं मला जमत नाही. त्यात गावाचा अपमान आहे. ज्यांनी आपले आईबाप त्या खड्ड्यात जाताना पाहिले त्यांना लस म्हणजे काय आणि ती का हवी, हे कोणी समजावून देण्याची फारशी गरज नव्हती. त्या खोलीत त्या आजाराबद्दल सर्वांत जास्त जाणणारी माणसं तीच होती.

हल्टिनने किनाऱ्यावर वाहून आलेली लाकडं पेटवून जमीन वितळवली आणि इंच इंच खणली. दुसऱ्या दिवशी त्याला एक लहान मुलगी दिसली. निळा झगा, केसांत लाल फिती. त्यानंतर मदतीला त्याचे सहकारी आले आणि आणखी चार शरीरांमधून त्यांनी फुफ्फुसाचे तुकडे घेतले. आयोवात परतल्यावर त्याने ते कोंबडीच्या अंड्यांत टोचून पाहिले, प्राण्यांना देऊन पाहिले. विषाणू मेलेला होता. काहीच वाढलं नाही. डॉक्टरेटही त्याने पुढे सोडून दिली, वैद्यकी शिकला आणि पॅथॉलॉजिस्ट म्हणून आयुष्य काढलं.

लाल फितींचा तपशील या विषयावर जे काही लिहिलं गेलं त्यात हमखास येतो, माझ्याही डोक्यातून तो जात नाही. फिती बांधणारं कोणीतरी होतं आणि तेही बहुधा त्याच खड्ड्यात होतं. एपिक्युरसने म्हटलं होतं, की मृत्यूचा आपल्याशी संबंधच नाही: आपण असतो तेव्हा तो नसतो, तो असतो तेव्हा आपण नसतो. हा युक्तिवाद पुढे ताणला तर मेलेल्याचं कोणी काही बिघडवू शकत नाही, आणि ज्याचं काही बिघडत नाही त्याची परवानगी कशाला? ॲरिस्टॉटलला हे इतकं सोपं वाटत नव्हतं. माणूस गेल्यावर त्याच्या मुलाबाळांचं जे बरंवाईट होतं त्याचा त्याच्या आयुष्याच्या हिशेबावर काहीच परिणाम नसावा हे त्याला पटेना. परिणाम असतो, पण फार थोडा, असं म्हणून त्याने विषय अर्धवट सोडला. मला त्याचं अर्धवट सोडणं जास्त प्रामाणिक वाटतं.

आपल्या परंपरेत शरीराचा फारसा मोह नाही. जुनी वस्त्रं टाकण्याचा गीतेतला दृष्टान्त आपल्याला पाठ असतो, आणि दहाव्या-बाराव्यापर्यंत देहाचा मागमूस राहिलेला नसतो. पण नातं मात्र आपण देहाबरोबर जाळत नाही. पक्षात पाणी सोडतो, पान वाढतो, कावळा शिवेना की अस्वस्थ होतो. हे सगळं मेलेल्याला पोचतं का, याच्यावर वाद घालणारेही घरात कोणाचं श्राद्ध असलं की गप्प बसतात. म्हणजे मेलेल्याला दुखत नाही हे मान्य करूनही त्याच्या बाबतीत काही करणं योग्य आणि काही अयोग्य असतं, हे आपण आचरणात धरून चालतो. चुकीचं वागणं होण्यासाठी समोरच्याला कळलं पाहिजे अशी अट नाही. मिनिकच्या बापाला ओंडक्याचं काही कळलं नाही. तरी फसवणूक झालीच, आणि ती एकट्या मुलाची झाली असं म्हणून भागत नाही.

मग प्रश्न उरतो की परवानगी द्यायची कोणी. वारसांनी, हे सरळ उत्तर. पण बहात्तर गेले आणि आठच उरले, अशा गावात काही घरं निर्वंश झाली असणार. त्या घरांच्या वतीने कोण बोलणार? गाव बोललं. याला कायदेशीर आधार शोधायला गेलं तर तो डळमळीत आहे. पण सर्वपित्री अमावास्येला आपण आपल्या माणसांना पाणी देऊन झाल्यावर, ज्यांचं पाणी द्यायला कोणी उरलं नाही अशांच्याही नावाने पाणी सोडतो. तो अधिकार आपल्याला कोणी दिला? कोणी नाही. मागे राहिलेल्याने पुढे गेलेल्याचं पाहायचं, एवढाच त्यामागचा अर्थ. ब्रेविगच्या वडीलधाऱ्यांचा अधिकार मी याच जातीचा मानतो. उलट, जिथे असं कोणीच नसतं तिथे काय होतं तेही आपल्याला माहीत आहे. १९४९ च्या मुंबई शरीररचना कायद्याने बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची सोय केली. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांच्या पिढ्या त्या प्रेतांवर शिकल्या. त्यातल्या एकालाही कोणी विचारलेलं नव्हतं. बेवारस याचा अर्थच ज्याच्या वतीने हो किंवा नाही म्हणायला कोणी नाही असा. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची वर्तमानपत्रात बातमी येते, फोटो येतो. या दुसऱ्यांचा कोणी हिशेबही ठेवत नाही.

अलास्कात १९१८ बद्दल फारसं बोललं जात नसे. हॅरल्ड नेपोलियन या युपिक लेखकाने १९९१ साली 'युयारक' नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. युपिक म्हणजे इन्युपिआतांचे दक्षिणेकडचे शेजारी. भाषा वेगळी, साथी त्याच. त्याचं म्हणणं असं, की साथींमधून उरलेल्या पिढीने जे पाहिलं त्याबद्दल मौन धरलं. त्यासाठी त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, 'नल्लुंग्वाक': माहीत असून नसल्यासारखं वागणं. मुलांनी विचारलं तर उत्तर नाही. हे न बोललेलं दुःख पुढच्या पिढ्यांमध्ये दारू होऊन, आत्महत्या होऊन बाहेर पडलं, असं तो लिहितो. आणि तो हे तुरुंगातून लिहीत होता, दारूने स्वतःच्या हातून जे घडलं त्याची शिक्षा भोगताना. त्याचा सिद्धान्त सगळ्यांना मान्य नाही, मलाही तो सगळाच्या सगळा उचलता येत नाही. पण तो वाचल्यावर १९५१ ची ती बैठक वेगळी दिसते. ज्यांना घरातल्यांनी विचारलं नव्हतं, किंवा विचारलं तरी ज्यांनी सांगितलं नव्हतं, त्यांना एका परक्या मुलाने विचारलं, की त्या दिवसांत काय झालं ते सांगाल का.

मार्च १९९७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला. जेफरी टाउबेनबर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वॉशिंग्टनच्या लष्करी विकृतिशास्त्र संस्थेत जपून ठेवलेल्या, १९१८ साली मेलेल्या एका तरुण सैनिकाच्या फुफ्फुसाच्या कणांतून विषाणूच्या जनुकांचे तुकडे वाचले होते. पण नमुना संपत आला होता. आता जिवंत विषाणू मिळण्याची गरज उरली नव्हती, तुटक्या अवशेषांतूनही संहिता जोडता येत होती. निवृत्त झालेला, बहात्तर वर्षांचा हल्टिन हा लेख वाचतो, पत्र लिहितो, आणि लवकरच स्वतःच्या खर्चाने, एकटा, बायकोची बागेतली कात्री बरोबर घेऊन ब्रेविगला पोचतो. पुन्हा गावाच्या मंडळापुढे उभा राहतो. मंडळात आता त्या कबरीतल्या लोकांचे नातेवाईक आहेत, पुढच्या पिढीतले. ते पुन्हा हो म्हणतात, आणि खणायला गावातली तरुण मुलं देतात. सुमारे सात फुटांवर, सांगाड्यांच्या मध्ये, एका स्थूल स्त्रीचं शरीर जवळजवळ जसंच्या तसं सापडलं. वय पंचविशीच्या आसपास असावं. अंगावरच्या चरबीने तिची फुफ्फुसं राखली होती. हल्टिनने ती घेतली, कबर बुजवली, शाळेच्या कार्यशाळेत बसून दोन मोठे लाकडी क्रूस केले, कारण जुने आता राहिले नव्हते. तिला त्याने नाव दिलं 'लूसी', इथिओपियात सापडलेल्या त्या प्रसिद्ध आदिमानव सांगाड्यावरून.

आधीच्या दोन्ही खेपांना त्याने जे केलं त्यात मला दोष काढता येत नाही, पण हे नाव मात्र खटकतं. लाखो वर्षांपूर्वीच्या, जिला भाषाही नसावी अशा प्राण्याचं नाव एका विसाव्या शतकातल्या बाईला. तिला नाव होतं. आणि इनुइट-इन्युपिआत लोकांमध्ये नाव म्हणजे नुसती हाक नसते. माणूस गेला की त्याचं नाव नव्या जन्मलेल्या मुलाला देतात आणि त्या नावाबरोबर नातंही जातं. मेलेल्याचे जवळचे लोक त्या मुलाशी त्याच नात्याने वागतात, त्या नात्याने हाक मारतात. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. आजोबांचं नाव नातवाला ठेवलं की घरातली सून त्या पोराला नावाने हाक मारत नसे, सासऱ्याचं नाव तोंडी कसं घ्यायचं म्हणून. रांगणाऱ्या पोरात सासरा असतोच थोडासा. ज्या लोकांत नावं अशी पुढे जातात, त्यांच्यातल्या एका बाईला प्रयोगशाळेच्या सोयीचं टोपणनाव मिळालं आणि तेच जगभर झालं. यात दुष्टावा नाही. पण कबरीला हात लावायची परवानगी मागितली गेली, नावाची मागावी हे कोणाला सुचलं नाही.

या गोष्टीला एक जोडगोष्ट आहे. १९९८ साली, म्हणजे हल्टिननंतर एका वर्षाने, कर्स्टी डंकन या कॅनडियन शास्त्रज्ञेने स्वालबार्ड बेटांवर लाँगयिअरब्यूनमध्ये सात तरुण खाणकामगारांच्या कबरी उघडल्या. तेही १९१८ च्या साथीतले. तिने तयारीत वर्षं घालवली. गव्हर्नर, चर्च, गाव, मृतांची कुटुंबं, सगळ्यांची संमती घेतली. मोठं आंतरराष्ट्रीय पथक, जमिनीत पाहणारं रडार, विषाणू बाहेर निसटू नये म्हणून कडेकोट तंबू. आणि शवपेट्या निघाल्या अगदी वरच्या थरात, जो दर उन्हाळ्यात वितळतो. हाती फारसं काही लागलं नाही. सर्व काही रीतसर करणारी रिकाम्या हाताने परतली आणि हल्टिन एका कात्रीवर इतिहासात गेला. त्याने काही निसटण्याचा धोका पुरेसा ओळखला होता का, असं विचारणारे तेव्हाही होते, आणि तो प्रश्न रास्त आहे. फुफ्फुसं मिळाली म्हणून तो मागे पडला, एवढंच. बर्नार्ड विल्यम्स याला नैतिक नशीब म्हणतो: आपण कृतीला चांगलं-वाईट म्हणतो ते पुष्कळदा तिचा निकाल पाहून, आणि निकाल करणाऱ्याच्या हातात नसतो. ब्रेविगच्या बाबतीत मी हे टाळायचा प्रयत्न करतो. १९५१ साली काहीच हाती लागलं नव्हतं. ती मुलगी, ती आणखी चार माणसं, कशासाठीच उघडली गेली नव्हती असं निघालं. तेव्हा कबर उघडणं योग्य होतं की नाही? माझं उत्तर असं, की विचारलं होतं म्हणून योग्य होतं, आणि हे उत्तर १९९७ ने बदलू नये. १९९७ नसतं झालं तरी तेच असायला हवं होतं. हे मी लिहितो खरा, पण लिहिताना १९९७ माझ्या डोळ्यासमोर आहे आणि ते बाजूला करता येत नाही.

खरी अडचण पुढे आहे. त्या फुफ्फुसातून विषाणूची संहिता क्रमाक्रमाने वाचली गेली. पहिल्या महत्त्वाच्या जनुकावरचा १९९९ चा लेख हल्टिनच्याही नावाने आला. २००५ पर्यंत आठही भाग पूर्ण झाले. आणि मग त्याच वर्षी अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रात टेरेन्स टम्पी या शास्त्रज्ञाने त्या संहितेवरून विषाणू पुन्हा उभा केला. जिवंत. उंदीर मारणारा. संहिता सगळ्यांना वाचता येईल अशी प्रसिद्ध झाली, त्यावर वाद झाला; ही तर संहाराची पाककृती आहे, असंही लिहिलं गेलं. दुसऱ्या बाजूला खरा उपयोगही झाला. त्यानंतरच्या मोठ्या साथींचे विषाणू, १९५७, १९६८, २००९ चेसुद्धा, अंशतः त्याच १९१८ च्या घराण्यातले आहेत हे यातून नीट कळलं, आणि २००९ साली म्हातारी माणसं तरुणांपेक्षा कमी का दगावली याचा उलगडाही काही प्रमाणात त्यामुळे झाला.

पण गावाने हो म्हटलं होतं ते कशाला? लशीला, ज्ञानाला, पुन्हा असं होऊ नये याला. ज्याने आपले बहात्तर नेले त्याला परत उठवायला नव्हे. तसं कोणी विचारलं नव्हतं, कारण १९५१ साली ते कोणाच्या कल्पनेत बसलं नसतं आणि १९९७ सालीही फार थोड्यांच्या. यात कोणी फसवलं नाही. ॲरिझोनातल्या हवासुपाई लोकांची गोष्ट वेगळी होती. त्यांचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं आणि ते मनोविकार, स्थलांतर अशा भलत्याच अभ्यासांना वापरलं. २०१० मध्ये विद्यापीठाला भरपाई द्यावी लागली आणि नमुने परत करावे लागले. ब्रेविगमध्ये तसं लबाडीचं काही नाही. संमती दिली त्या क्षणी ती खरी होती, आणि तिच्यातून जे निघालं ते तिच्यात मावणारं नव्हतं. कुठलीही संमती भविष्याला पुरत नाही हे मान्य केलं, तर मग पुन्हा पुन्हा जाऊन विचारायला हवं. हल्टिनने दोनदा विचारलं. २००५ साली, विषाणू उठवण्याआधी, समित्या बसल्या, तज्ज्ञांनी मतं दिली, सरकारी मंडळाने प्रसिद्धीला हिरवा कंदील दाखवला. पण तो प्रश्न घेऊन कोणी तिसऱ्यांदा पोर्ट क्लॅरेन्सच्या काठी गेल्याचं कुठल्या हकिकतीत येत नाही. जायला हवं होतं असं मला वाटतं. गाव नाही म्हणालं असतं तर काय, हा प्रश्न मला कोणी विचारला तर माझी पंचाईत होईल, कारण त्या विषाणूवर आमच्याही मेलेल्यांचा हक्क आहे. गोदीतल्या हमालांचा, कोकणातल्या खेड्यांमधल्या बाळंतिणींचा. तो एकट्या ब्रेविगचा नव्हता. शरीर मात्र ब्रेविगचं होतं.

हल्टिन २०२२ साली वारला, सत्त्याण्णव वर्षांचा होऊन. १९९७ नंतर त्याने मिशनच्या नोंदींवरून मेलेल्यांची नावं मिळवली, पितळी पाट्यांवर कोरून घेतली आणि स्वतः केलेल्या त्या क्रूसांवर लावण्यासाठी गावी पाठवली. बहात्तर नावं आहेत. तिचंही त्यात असणार. कोणतं ते कोणालाच सांगता येत नाही.